अर्जदार हसत नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, तक्रार समिती,
सफसाफ दंतवैद्यक मंडळ,
नदीकाठचा रस्ता, हिल्ला.

विषय: मी शोकसभेत हसत नाही, माझे दात तसे दिसतात, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ: माझी तक्रार अमान्य केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. आपले पत्र पोचले. डॉ. मुहन्नद यांनी माझ्या वरच्या दातांवर बसवलेल्या चिनीमातीच्या व्हिनियरमध्ये रंग, चकाकी वा मांडणी यांचा कोणताही दोष नसून ‘अर्जदाराचे स्मित प्रसन्न आहे’ असे आपण कळवले. वाचून आनंद झाला. तो माझ्या चेहऱ्यावर दिसलाही असेल, कारण हल्ली माझ्या चेहऱ्यावर दुसरे काही दिसतच नाही. तपासणीच्या दिवशी आपण मला रडून दाखवायला सांगितले होते. मी मनापासून रडले. आपल्या समितीतल्या तरुण डॉक्टरांनी वहीत लिहिले, ‘रुग्ण समाधानी.’

२. माझा व्यवसाय रडवण्याचा आहे. मी मुल्लाया. कुणाच्या घरी मयत झाले की बायकांच्या फातिह्याला, म्हणजे शोकसभेला, मला बोलावतात. मी पुढच्या खुर्चीवर बसून मर्सियाचे शोकगीत सुरू करते आणि खोलीभर बायकांनी पांघरलेले काळे अबाये हलू लागतात. नुसती कडू कॉफी प्यायला आलेली शेजारीणही रडते. सासू जाण्याची वाट पाहत बसलेली सून तर सगळ्यांत आधी रडते. हे मी शाळेत शिकले नाही. मुल्लाया हसीबा यांच्या पायाशी बसून, त्यांचा आवाज आणि पुस्तकातली अक्षरे जुळवत शिकले. मला मूल नाही. आमच्याकडे बाईला कुणाची तरी आई केल्याशिवाय हाक मारता येत नाही, म्हणून लोक मला उम्म ग़ायिब म्हणतात, म्हणजे न आलेल्याची आई. जी आली ती माझ्या बहिणीची रुसुल. आई गेल्यावर ती माझ्याकडेच वाढली.

३. रुसुलचे लग्न ठरले. सध्या आपल्या गावात आधी दात ठरतात, मग नवरीचा पोशाख, आणि सवड उरली तर नवरा. रुसुल म्हणाली, “मावशी, तूही करून घे ना. व्हिडिओत तुझे दात किटलीच्या बुडासारखे दिसतील. सासरचे विचारतील, हिला वाढवलं कुणी?” मी म्हटले, “चहानं वाढवलं म्हणून सांग.” ती रडायला लागली. मी गावाला रडवते, पण त्या पोरीचे रडणे मला बघवत नाही. मी गेले.

४. माझे म्हणणे समितीने नीट ऐकून घेतले नाही, म्हणून दोष नेमका कुठे घडला ते पुन्हा लिहिते. दातांचे माप घेताना डॉ. मुहन्नद म्हणाले, “हसा.” परक्या पुरुषासमोर मी ओठ जरासे हलवले. “असं नाही, मावशी. मोकळ्या मनानं. तोंड पूर्ण उघडू द्या.” चार लोकांसमोर तोंड पूर्ण उघडायची मला एकच रीत येते. मर्सियाच्या मधल्या हाकेला उघडते तसे मी उघडले, फक्त आवाज काढला नाही. डॉक्टर हरखले. “बघा, याला म्हणतात हसणं,” असे त्यांनी नर्सबाईंना बोलावून दाखवले आणि त्या तोंडाच्या मापाने दात बेतले. सबब, मी हंबरडा फोडते तेव्हा माझे दात अगदी शोभून दिसतात. उरलेला दिवस ते ओठांत मावत नाहीत. रंग निवडतानाही मी शंका काढली होती. “हा तर कफनाचा पांढरा,” मी म्हटले. “सगळे हाच घेतात, मावशी.” “माहीत आहे,” मी म्हटले, “शेवटी सगळे हाच घेतात.” तेही हसले. मी हसत होते की नाही, ते आता आठवून उपयोग नाही.

५. लग्न छान झाले. त्यानंतर मुल्लाया हसीबा वारल्या.

त्यांच्या फातिह्याला खुर्चीवर बसण्याचा मान माझा होता. मी पहिली ओळ उचलली आणि रडू आवरेना. समोरच्या रांगेत एक मुलगी फिसकन हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला, माझ्याकडे पाहिले आणि अबायाचे टोक तोंडात कोंबले. मग ते हसू रांगारांगांतून मागे पसरत गेले. हसीबाबाईंची लेक इब्तिहाज उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “नजीहा खाला, माझी आई गेलीय. तुम्हाला कसलं एवढं सुख झालंय?” मी सांगितले, “हे दात आहेत गं, मी नाही.” ती म्हणाली, “मग त्यांना घेऊन आत बसा.” उरलेला मर्सिया मी स्वयंपाकघरातून म्हटला. माझ्या एका बाजूला कॉफीची भांडी होती, दुसऱ्या बाजूला भाताचे पातेले. तिथून मात्र सगळ्या रडल्या. भात ढवळणारीसुद्धा.

६. चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्यासाठी इब्तिहाजने दुसऱ्या गावची मुल्लाया ठरवली आहे. बाई तरुण आहे, ध्वनिक्षेपक स्वतःचा आणते आणि दातही स्वतःचेच आहेत. तिने हसीबाबाईंना कधी पाहिलेले नाही. ज्यांनी मला रडायचे कसे ते शिकवले, त्यांच्यासाठी रडायला मला खुर्ची नाही, ही माझी तक्रार आहे. चकाकीची नव्हे. डॉ. मुहन्नद यांना मी दात आखूड आणि चहाच्या रंगाचे करून मागितले. ते म्हणाले, “ते फोडूनच काढावे लागतील, आणि त्यांच्या आतले तुमचे मूळचे दात तर मी घासून टाकलेत. आणि तसले पिवळे बसवले तर माझं नाव जाईल, मावशी.” त्यांचे नाव राहावे, हे मलाही पटते.

७. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. शेवटच्या आठवड्यात मी हसीबाबाईंना भेटायला गेले. जन्मभर त्यांना कुणी हसताना पाहिले नव्हते. मुल्लायाने हसू नये, लोकांचा विश्वास उडतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी माझे दात पाहिले आणि त्या हसल्या. प्राणवायूची नळी नाकातून निसटली. मी नळी बसवली, त्यांनी पुन्हा पाहिले, पुन्हा हसल्या. तोंडाच्या बोळक्यात नुसत्या हिरड्या दिसत होत्या. म्हणाल्या, “माझ्या वेळेला हेच घालून ये.” इब्तिहाज तेव्हा चहा टाकायला गेली होती. त्यामुळे हे वाक्य ऐकलेली मी एकटीच, आणि माझे तोंड हे असे. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

८. म्हणून दाखला हवा. मजकूर सोपा आहे: ‘सदर महिला हसत नाही. तिचे दात हसतात. दोघांचा परस्परांशी संबंध नाही.’ खाली आपली सही आणि गोल शिक्का. गोल शिक्क्यावर आपल्याकडे कुणी हसत नाही.

९. दाखल्याआधी पुन्हा तपासणी आवश्यक वाटल्यास ती डोळ्यांनी करू नये, ही विनंती. आपल्या मातोश्रींच्या फातिह्याला मीच होते. आपण बाहेर पुरुषांच्या तंबूत पाहुण्यांचे स्वागत करत होतात. माझा आवाज भिंतीपलीकडे गेला तेव्हा आपण उठून पाण्याच्या टाकीमागे गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. बायकांनी खिडकीतून पाहिले आणि कुणीही कुणाला सांगितले नाही. तेव्हा माझे दात किटलीच्या बुडासारखे होते. त्यांच्याविषयी आपल्याकडून तक्रार आल्याचे स्मरत नाही. चाळिसाव्याला तसेच भिंतीबाहेर उभे राहावे आणि अर्जदार हसते की काय, ते कानांनी ठरवावे. दाखला आला तर मी खुर्चीवर बसेन. नाही आला तर स्वयंपाकघरातून म्हणेन. म्हणणार मात्र आहेच.

आपली, रडण्यात कसूर न करणारी,
मुल्लाया नजीहा जब्बार
(उम्म ग़ायिब)
हिल्ला, दि. ९ नोव्हेंबर

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत. ‘प्रसन्न’ या शब्दाखाली रेघ मी मारली आहे.
२) चाळिसाव्याचे निमंत्रण. पाहुणी म्हणून.
३) रुसुलच्या लग्नातला फोटो, तुलनेसाठी. यात मी खरोखर हसते आहे. दात दिसत नाहीत, कारण जुन्या सवयीने तोंडावर हात गेला आहे.