अजून शोधतंय

वैजनाथभाऊजी,

अंगणवाडीच्या ट्रेनिंगला शेवगावला चाललेय, पाचच्या गाडीने येईन. आमटी झाकून ठेवलीय, आईंना वाढा.

काल तुम्ही कॉम्प्युटरवर ते रजिस्ट्री, म्हणजे आतल्या जुन्या नोंदी, साफ करायचं सॉफ्टवेअर टाकलंत. सातशे बारा चुका सापडल्या म्हणतंय, आणि खाली त्या सगळ्या पुसून टाकायचं हिरवं बटण आहे. ते दाबू नका. त्याने कॉम्प्युटर फास्ट होत नाही, उलट कधीकधी नीट चाललेलं बिघडतं. हळू वाटत असेल तर तुमचे लग्नांचे व्हिडिओ काढा.

त्या यादीतली तिसरी चूक तुमच्या दादांची आहे. कॉम्प्युटर सुरू केला की पेनड्राइव्हमधला फॉर्म भरायचा प्रोग्राम आपोआप उघडावा, असं त्यांनी करून ठेवलं होतं. ते गेल्यापासून रोज सकाळी टण्ण वाजतं आणि पेनड्राइव्ह सापडत नाही अशी चौकट येते. आईंना वाचता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, की ते शोधतंय. तेव्हापासून त्या आंघोळ करून स्वतः कॉम्प्युटरचं बटण दाबतात. टण्ण झालं की म्हणतात, "अजून हुडकतंय व्हय? हुडकू दे." मगच चहा घेतात.

पेनड्राइव्ह हरवलेला नाही. दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत, त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. पिशवी माझ्या पेटीत आहे. तो लावला तर चौकट यायची थांबेल, म्हणून आठ महिने मी लावलेला नाही.

आईंना सांगू नका.

आरती