पुरातल्या बाईचा आवाज

९ मार्च, सोमवार
आज एका दिवसात तीन बायका झाले! आधी मंत्रीणबाई, मग धावपटू, आणि दुपारी पुरातली बाई. परदेशी बाई टीव्हीवर बोलायला लागली की आधी क्षणभर तिचा आवाज, मग तो खाली जातो आणि वर माझा, मराठीत. हीच माझी नोकरी. पुरातली बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. वाक्य एकच — "माझी मुलगी कुठे आहे, ते मला सांगा." मी सरळ वाचलं. बातम्यांचे साहेब म्हणाले, "पत्ता विचारतेयस का? रड जरा. आई आहे ती." रडले. इतकी छान रडले की साहेबांनी मान डोलावली!

१० मार्च
माझं रडणं दर तासाला चालू आहे. नवरा म्हणतो, "घरीही असाच नरम आवाज लावत जा की." उशी फेकून मारली.

११ मार्च
भाजीवाल्या मावशींनी आवाजावरून ओळखलं. "ताई, सापडली का हो मुलगी?" माझी लेक शेजारीच उभी, टोमॅटो दाबून बघत. म्हटलं, "ही काय." "ही नाही हो, पुरातली!"
खूप हसलो. पण घरी येईपर्यंत जीव टांगणीला. खरंच, सापडली का? मी तिची आई होऊन रडले, आणि मलाच ठाऊक नाही.

१२ मार्च
साहेबांना विचारलं. "पूर ओसरला, बातमीही ओसरली," म्हणाले. आता कुठल्याशा राजपुत्राचं लग्न दाखवायचंय. मी हटून बसले — भाजीवाली विचारते, वॉचमन विचारतो, लोकांना रडवलंत, आता पुढचं सांगा की. साहेब वैतागले, पण तिथल्या बातमीदाराला त्यांनी निरोप धाडला.

१३ मार्च
काही कळलं नाही. राजपुत्राच्या सासूचा आवाज दिला. मन नव्हतं.

१४ मार्च
सापडली! पोरगी सापडली! दुसऱ्याच गावच्या छावणीत होती, धडधाकट. साहेबांनी स्वतः सगळ्यांना चहा पाजला — हे कधी घडत नाही. भाजीवाल्या मावशींनी पिशवीत वर चार लिंबं टाकली. घरी भाजी करपली, तरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली. मी गातच होते म्हणे. त्या बाईची नवी मुलाखत उद्या येणार.

१५ मार्च
मुलाखत आली, खाली भाषांतरासकट. बातमीदाराने तिला माझं रडणं ऐकवलं होतं. लेकीला टाळी देऊन ती खदाखदा हसली. "ही कोण रडतेय? मी रडले कधी? मी समोरच्या अधिकाऱ्याला दम देत होते! दिला म्हणून तर पोरगी मिळाली."
ते पुरातलं वाक्य मी उद्या पुन्हा म्हणणार, या वेळी दम देत. साहेबांना विचारणार नाहीये. सांगणार आहे.