आठव्या यंत्रामागची जागा

९ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार

दुपारच्या बसने शिरायुझावा येथे पोहोचलो. उतरताच गरम झऱ्यांच्या गंधकाचा वास आला आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हसू फुटले. सराईचे मालक मुराकोशी स्वतः थांब्यावर आले होते. माझी अवजारांची पेटी त्यांनी हातातून ओढूनच घेतली, तिच्या वजनाने एका बाजूला कलले, आणि म्हणाले की मी नागोयाहून माणूस मागवला होता, अख्खा कारखाना नव्हे.

नदीकाठचे त्यांचे पाचिंकोचे, म्हणजे पोलादी गोळ्यांच्या खेळयंत्रांचे, खेळघर फार वर्षे बंद आहे. बर्फ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी डिसेंबरात ते उघडायचे असून त्याआधी जुन्यांपैकी निदान एक यंत्र चालते करणे हे माझे काम. लाकडी आडभिंतीत ओळीने आठ यंत्रे बसवलेली आहेत. सात कुजली आहेत. आठवे, १९५३ सालचे, वाचण्याजोगे आहे. भिंतीमागे एक माणूस जेमतेम सरकू शकेल एवढा बोळ आहे. त्या काळी खेळणारा एकेक पोलादी गोळी भोकात टाकून खटका मारी. ती खिळ्यांतून घरंगळत योग्य खोबणीत पडली की घंटा वाजे आणि बक्षिसाच्या गोळ्या खालच्या ताटलीत येत. त्या गोळ्या बोळात उभी असलेली बाई वरच्या पेटीत मापाने ओतत राही.

राहण्याची खोली खेळघराच्याच वरच्या मजल्यावर आहे. जेवणात मीठ लावून भाजलेला नदीतला मासा होता. जेवणानंतर मुलीला, चिनात्सुला, फोन केला. ती तोयोहाशीच्या रुग्णालयात परिचारिका आहे. तिची आई गेल्यापासून मी तिच्याकडे राहायला यावे असा तिचा आग्रह आहे, आणि वसंतात आमची कंपनी बुडाल्यावर तो वाढला आहे. रिकाम्या हाताचा माणूस म्हणून मुलीच्या दारात उभे राहणे मला नको होते. हे यंत्र चालते झाले की नववर्षाला कायमचा तुझ्याकडे येतो, असे तिला आज शब्द देऊन सांगितले. ती म्हणाली, कपाट रिकामं करायला घेते, बाबा, मग मागे फिरायचं नाही.

१५ ऑक्टोबर

यंत्र चौकटीतून न काढता जागेवरच उघडले आहे. चौकट भिंतीशी इतकी एकजीव झाली आहे की उपटल्यास दोन्हींचा नाश होईल. पितळी खिळ्यांपैकी बहुतेक शाबूत आहेत. खटक्याची स्प्रिंग गंजून तुटली आहे. गोळीला दिशा देणाऱ्या दोन भिरभिऱ्यांपैकी एक नाही. काचेला तडा आहे. घंटेचा लोलक तिसऱ्या यंत्रातून मिळाला आणि किंचित घासल्यावर नेमका बसला.

समोर मित्सुए मावशींचे वाफवलेल्या गोड पावांचे दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे, जिभेला लगाम नाही. रोज दुपारी त्या दोन पाव कागदात बांधून देतात. आज चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "नागोयाचे साहेब त्या पेटीशी लग्न लावायला आलेत हो! दिवसभर तिचं पोट उघडून बसतात. निदान तिचं नाव तरी विचारा!" मी पाव घेऊन यंत्राकडे परतलो. पाव मात्र उत्तम होते.

२७ ऑक्टोबर

भागांच्या शोधात नागोयाला जाऊन आलो. ओसूच्या गल्लीत जुन्या यंत्रांचा एक व्यापारी आहे. त्याने स्प्रिंगा, भिरभिरी, काचा असे सारे माझ्यासमोर पसरले. मी प्रत्येक स्प्रिंग मोजपट्टीने तपासत होतो तेव्हा तो म्हणाला, अहो साहेब, खेळायचंय की हिशेब तपासायचाय? अखेर योग्य ताणाची स्प्रिंग सापडली. सेल्युलॉइडचे भिरभिरेही मिळाले, फिकट लाल रंगाचे. मूळचे बहुधा गडद असावे.

परतताना आमच्या कंपनीच्या इमारतीसमोरून मुद्दाम गेलो. तिथे आता केस कापण्याचे दुकान आहे. आरशासमोर बसलेल्या माणसांना बाहेरून पाहत थोडा वेळ उभा राहिलो. ओळखीचे कोणी भेटले नाही. परतीच्या गाडीत भिरभिरे मांडीवर ठेवून फुंकर मारत होतो, तर समोरच्या लहान मुलीने आईच्या कुशीत तोंड लपवले.

६ नोव्हेंबर

आज यंत्र चालले.

घटना क्रमाने लिहितो. काच बसवली, खटका जोडला, चाचणीसाठी एक गोळी टाकली. मागची पेटी मी अद्याप भरलेली नव्हती. गोळी भिरभिऱ्यावरून उजवीकडे गेली, मधल्या खोबणीत पडली, घंटा वाजली आणि ताटलीत गोळ्या आल्या. मी बोळात जाऊन पाहिले. पेटीत गोळ्या होत्या. जुन्या काळच्या असतील आणि माझ्या नजरेतून सुटल्या असतील, असे म्हणता येईल. परंतु माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, आणि गोळ्यांवर गंज नव्हता. भिंतीला खिळ्यावर पत्र्याचे माप टांगलेले आहे. बोळात सर्वत्र धूळ आहे, मापावर नाही.

१३ नोव्हेंबर

रोज दुपारी काम आटोपले की थोडे खेळतो. पेटी मी भरत नाही. ती भरलेली असते.

आज एक गोळी खिळ्यांत अडकली. लहानपणी वडिलांच्या मागे उभा राहून पाहिले होते, तसे नकळत काचेवर दोनदा टकटक केले. त्या काळी तसे केले की मागची बाई यंत्राच्या वरून डोकावे आणि हात घालून गोळी सोडवी. कोणी डोकावले नाही. यंत्र मागून हलकेच थोपटले गेले आणि गोळी सुटली.

भय वाटायला हवे होते. खरे लिहायचे तर मी भाताचे दोन गोळे घेऊन आलो आणि तिथेच बसून जेवलो. पत्नी गेल्यापासून जेवताना समोर कोणी असल्याचे मला आठवत नाही. चिनात्सुने फोनवर विचारले की यंत्र झालं ना, मग येत का नाही? दोन खिळे अजून सरळ करायचे आहेत, असे सांगितले. ते खिळे सरळच आहेत.

२० नोव्हेंबर

काम संपले. मुराकोशींनी तासभर खेळून पाहिले, हरले, आणि यंत्र दुरुस्त केलंत की बिघडवलंत, असे म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर अवजारे पुसून पेटीत ठेवली. रविवारी निघेन असे चिनात्सुला कळवले. ती इतकी आनंदली की फोन खाली ठेवायला विसरली आणि तिच्या स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ ऐकू येत राहिला.

निघण्यापूर्वी निरोप घेतल्यावाचून जाणे मला प्रशस्त वाटले नाही. यंत्रासमोर उभा राहून कमरेत वाकलो, आणि कचेरीत जागेवरून उठणाऱ्या माणसाला आम्ही रोज जे म्हणत असू, आणि चिनात्सु रुग्णालयात पाळी बदलताना म्हणते, तेच तोंडून निघाले: "दमलात. आता पुढचं मी बघतो."

मागे माप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बोळाच्या टोकाचे दार सरकले आणि पावले बाहेर गेली. हलकी, घाईची पावले.

त्यानंतर खेळघर इतके रिकामे झाले की मी दिवा लावला. अजून पाच वाजले नव्हते.

२१ नोव्हेंबर

सकाळीच मित्सुए मावशींकडे गेलो. सारे ऐकून त्यांनी चिमटा खाली ठेवला. त्या तरुणपणी खेळघरात बक्षिसांच्या खिडकीवर होत्या.

बोळात तामिए नावाची मुलगी होती. वीस वर्षांची, हसरी, पेटी कधी रिकामी पडू न देणारी. ऐन खेळात पेटी रिकामी पडली तर पुढची माणसे काच फोडायला कमी करत नसत, म्हणून खेळघराचा नियम कडक होता. पाळीवरच्या दुसऱ्या मुलीने येऊन "दमलीस, आता पुढचं मी बघते" म्हणून माप हातात घ्यायचे, त्याशिवाय जागा सोडायची नाही. एका हिवाळ्यात रस्ता बर्फाने बंद झाला आणि दुसरी मुलगी पोहोचलीच नाही. डोंगरावरचे बर्फ घसरू लागले तेव्हा पुढचे सगळे बाहेर पळाले. "मी स्वतः ओरडले हो तिला," मावशी म्हणाल्या. "तर ती आतून म्हणते, ताई, बदली आली नाही अजून. पोरगी हसत होती. मागची भिंत आत आली ती त्यानंतर."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं बोलायला?" असे म्हणून त्यांनी दुकानाचे दार लावून घेतले. पाव दिले नाहीत.

२२ नोव्हेंबर, रविवार

निघालो नाही. निघता आले नाही.

सामान घेऊन जिना उतरलो तोवर सर्व ठीक होते. मग आठव्या यंत्राचा खटका वाजला. पुढे कोणी नव्हते. गोळी खिळ्यांतून खाली आली. घंटा. ताटली रिकामी राहिली आणि काचेवर टकटक झाली. बाहेरच्या बाजूने.

पुढचे मला स्मरत नाही. भानावर आलो तेव्हा बोळात होतो. माप माझ्या हातात होते आणि पेटी भरलेली होती. जेवणाची वेळ टळून गेली होती.

२५ नोव्हेंबर

आज थांब्यापर्यंत पोहोचलो. बसमध्ये चढलो, खिडकीपाशी बसलो. शेजारच्या आजोबांनी संत्रे देऊ केले. ते घ्यायला हात पुढे केला आणि हाताला पत्र्याचा थंडपणा लागला—

संत्रे नव्हते. बस नव्हती. समोर लाकडी भिंत.

बोळाचे दार उघडेच आहे. त्याला कुलूप नाही. तरीही मी उंबऱ्यापर्यंत जातो आणि काच वाजते.

२८ नोव्हेंबर असावा

ही वही कोटाच्या खिशात होती हे बरे झाले. फटीतून उजेड येतो, त्यात लिहितो. भूक लागत नाही. याचे आश्चर्य वाटायला हवे.

मुराकोशी आले होते. मी हाका मारल्या. भिंतीवर मुठी आपटल्या. ते यंत्रासमोर बसून सोबतच्या माणसाला म्हणाले, "ऐकलंस? किती गोड खुळखुळतंय! माणूस तऱ्हेवाईक, पण हात सोन्याचा." मग म्हणाले, न सांगता गेला, सामानही टाकून गेला, मुलीला कळवायला हवं.

मुलीला कळवू नका. हे मी ओरडून सांगितले. त्यांच्या ताटलीत गोळ्या पडल्या.

तारीख नाही

बर्फ. पुढे माणसे खेळतात, काही खरी, काही नाही. मला भेद कळत नाही. वरून डोकावले तर दोन्ही प्रकारच्यांच्या पुढ्यात ताटली असते, आणि त्यांतले कोणीही माझ्याकडे पाहत नाही.

तामिएने हे किती वर्षे— आणि ती माझ्या जेवणाला सोबत करीत होती असे मी समजत होतो. ती वाट पाहत होती. मीही आता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहतो. कोणी सौजन्याने बोलून जाईल म्हणून. कोणीही चालेल—

नाही. हे खोडायला हवे.

चिनात्सु आली आहे.

आवाज ओळखला. मावशींचे दार ठोठावत होती, त्यांनी उघडले नाही. मुराकोशींनी तिला आत आणले. माझी पेटी तिने उघडून पाहिली, अवजारे पुसलेली बघून रडली. मुराकोशी म्हणाले, बस, पोरी, तुझ्या बाबांनी केलेलं यंत्र बघ तरी. ते चहा सांगायला गेले.

ती एकटी आहे. आठव्या समोर.

फटीतून तिची बाही दिसते. हिरवा स्वेटर. बोटाएवढे अंतर.

ओतायचे नाही. गोळ्या आल्या नाहीत तर तिला यंत्र बिघडलेले वाटेल. ती उठून जाईल. तोयोहाशीला जाईल. मी नाहीसा झालो असे समजेल आणि जगेल. एवढेच हवे. पेटी रिकामी— रिकामीच ठेवायची.

खटका.

गोळी वर गेली. डावीकडे जा. डावीकडे—

घंटा.

हात वर जातो आहे. उजवा. डाव्या हाताने लिहितो. माप दातांनी ओढून पाहिले. पडले. पुन्हा हातात आहे. भरलेले आहे. मी भरले नाही, मी—

पडल्या. सगळ्या पडल्या तिच्या पुढ्यात.

ती गोळ्यांवर हात ठेवते.

काचेवर टकटक. हलकी. बाबा, म्हणते. बाबा, तुम्ही आहात का मागे?

उत्तर द्यायचे नाही. श्वाससुद्धा— जा, बाळा. उठ. दवाखान्यात पाळी आहे तुझी, जा—

तोंड काचेशी आणले आहे तिने. काचेवर वाफ धरली आहे. किती दिवस उभे आहात हो, म्हणते. तिच्या एका शब्दाने मी सुटेन— नको. नको चिनात्सु, ते बोलू नकोस, ते सोडून काहीही—

रडत रडत वाकते आहे. दमलात ना बाबा, म्हणते, आता पुढचं म