तुमच्या ताईची वाक्यं

माळनाका, रत्नागिरी

प्रमोदराव,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? दाभोळच्या दमट हवेत तो जास्तच कुरकुरत असणार. तेल लावत जा आणि उगाच जिने चढू नका. घरची मंडळी ठीक असतील. तुमची कमळाताई सोमवारी तिकडे पोचली, तीही ठीक असेलच (नसायला काय झालं? जाताना लोणच्याची बरणीसुद्धा घेऊन गेली). फोनच केला असता, पण हल्ली तुमचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. म्हणून हे पत्र. माझ्या बायकोला परत पाठवा, असं सांगायला मी लिहीत नाहीये, हे आधीच स्पष्ट करतो. तुम्ही माझे मेहुणे असलात तरी समजूतदार आहात; एका तात्त्विक प्रश्नावर तुमचं मत हवंय, इतकंच.

त्याचं असं झालं. पावसाळा लागला, आपल्या विहारात वर्षावासाची व्याख्यानं चालू आहेत. मला विषय दिला, 'तत्त्वविचारात संवादाचं महत्त्व'. मी तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. म्हटलं, नुसतं सांगण्यापेक्षा करूनच दाखवू. एकाने मांडायचं, दुसऱ्याने शंका काढायच्या आणि दोघांनी मिळून सत्यापर्यंत जायचं. 'मी म्हणून काही नसतंच' हा सिद्धांत घेतला, नऊ पानी संवाद लिहिला आणि शंका काढायला तुमच्या ताईला माझ्याशेजारी बसवलं. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) तिची वाक्यं मी मुद्दाम सोपी ठेवली होती. "होय." "खरंच की!" "याहून वेगळं कोण म्हणेल?"

पहिली दोन पानं बरी गेली. तिसऱ्या पानावर मी थांबलो, तर ही बाई "होय" म्हणायच्या ऐवजी हात जोडून म्हणते, "व्हय महाराजा!" अहो, गावच्या देवळातलं गाऱ्हाणं! गुरवाने मागणं मागायचं आणि गावाने माना डोलवायच्या, ते! आपल्या लोकांनी छप्पन साली देव सोडले आणि हिने भर विहारात 'व्हय महाराजा'! मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या फिसकन हसल्या. माझ्या पुढच्या वाक्याला सगळा विहार एका सुरात "व्हय महाराजा!" मी हळूच म्हटलं, "अगो, लिहिलंय तेवढं वाच." तर माईक हिच्या हातात. म्हणाली, "तथागत सांगून गेले, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग मी का मान डोलावू? आणि मी म्हणून काही नसतं, तर व्याख्यानाच्या पत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून काल जेवला नाही तो कोण होता?"

टाळ्या, प्रमोदराव, टाळ्या! मला उभ्या नोकरीत पडल्या नाहीत तेवढ्या.

घरी येऊन मी भांडलो नाही (थोडा भांडलो). "माझा संवाद बिघडवलास," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "तुमचा? एकट्याचा संवाद असतो होय?" मी मनाने उदार. दुसऱ्या दिवशी सगळा संवाद नव्याने लिहिला, तिला चांगल्या तिखट शंका दिल्या. फक्त शेवटच्या पानावर तिला माझं पटतं, एवढंच. तिने लाल पेन काढलं (शाळेत गणित शिकवायची ना, सवय जात नाही), त्या पानावर 'हे मी मान्य केलेलं नाही' असं लिहिलं आणि म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझं बोलणं तुम्हीच पुरं करत आलात. माझी वाक्यं तुम्हाला येतात, मग मी कशाला हवी?" आणि पिशवी भरून दाभोळची एस.टी. धरली.

आता मी एकटा. सकाळी तिच्या वतीने मीच मला सांगतो, "चहात साखर कमी घाला," आणि ऐकत नाही. शेजारच्या विनीतशी वाद घालायला जावं, तर तो म्हणतो, "सर म्हणतात ते बरोबर." परवा मुद्दाम म्हटलं, हापूसपेक्षा पायरी आंबा सरस. रत्नागिरीत उभं राहून, प्रमोदराव! तरी हा मेला म्हणतो, "सर म्हणतात ते बरोबर." डोकंच फिरलं माझं. तिच्या शंका स्वतःच लिहून काढायला बसतो, तर ज्या सुचतात त्या सगळ्यांची उत्तरं मला आधीच येत असतात. तिची एकही शंका तशी नसायची. तर माझा प्रश्न असा, की मी म्हणून काही नसतं हे मी नऊ पानांत सिद्ध केलंय. मग हे घर खायला उठतं, ते कुणाला? सवडीने विचार करून कळवा.

आपला,
सहदेव

ता. क. विहारवाल्यांनी येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. मी लगेच जाकीट इस्त्रीला टाकलं. मग सचिव म्हणाले, "मॅडम येणार असतील तरच हां, सर." तेव्हा शनिवारपर्यंत ताईला एस.टी.त बसवून द्या. बिचाऱ्या आयोजकांची पंचाईत नको.

आणखी एक ता. क. आयोजक गेले खड्ड्यात. तिला सांगा, या खेपेला तिची वाक्यं मी लिहिलेली नाहीत. माझंही एकच वाक्य आहे, कमळे, घरी ये. त्यावर तिला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. पण ते इथे येऊन, माझ्या तोंडावर म्हणावं.