मिठाच्या पाण्यातली उत्तरं

लोणावळा, ६ जुलै २०२५

ती. स्व. रंजनाआत्यास,
चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. वसतिगृहात मोबाईल ठेवू देत नाहीत, म्हणून हा कागद.

पुण्याच्या गणित स्पर्धेला आमच्या अकरावीतून एकीलाच पाठवणार आहेत. सराव परीक्षेत √(x + 6) = x हे समीकरण होतं. वर्गमूळ घालवायला मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला. तीन आणि उणे दोन अशी उत्तरं आली, ती लिहून मोकळी झाले. पण वर्गमूळ कधी उणे नसतं, म्हणजे उणे दोन चुकलं. अनघा मॅडम म्हणाल्या, वर्ग केला की अधिक-उण्यातला फरक पुसला जातो आणि एखादं खोटं उत्तर आत शिरतं. म्हणून प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं.

निवडीची परीक्षा व्हायची आहे, पण नाव मागे घ्यावंसं वाटतं. एवढं साधं मला सुचू नये, याची फार लाज वाटते.

तुझ्या रागालोभाची धनी,
चैताली

कार्ले, १३ जुलै २०२५

चि. चैतालीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

लावणी उरकली. टपरीवर कणसं भाजता भाजता लिहितेय, कागदाला काजळी लागली तर नाक मुरडू नकोस.

नाव मागे घेणार म्हणे. पंगतीतून उठलीस तर जिलबी तुझ्या मागे पळत येणार आहे का? तुझं ते x मला कळत नाही, पण चूक कळली. दर साली पेरणीआधी मिठाच्या पाण्यात अंडं सोडून, ते तरंगलं की मीठ पुरलं, असं तूच ओरडून सांगायचीस. मग भाताचं बियाणं टाकायचं, वर येईल ते पोचट, ते फेकायचं. वरून सगळे दाणे सारखेच दिसतात. घरी पारखणारी पोर तिकडे न पारखताच पेरून आली, एवढंच झालं.

आणि ऐक. यंदा वरच्या खाचराचं बियाणं जवळजवळ सगळंच तरंगलं. शेजारच्या शेतातला सोपानभाऊ म्हणाला, “रंजे, वावर मोकळं ठिवण्यापरीस पोचट तरी पेरायचं व्हतं.” मी नाही पेरलं. खाचर मोकळं आहे, लोक हसतात, पण मला झोप लागते. परीक्षेला बस.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी आत्या, रंजना

लोणावळा, ३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेला बसले. शेवटचं समीकरण होतं √(3x + 10) + x + 4 = 0. वर्ग केला, अवयव अगदी सुरेख पडले, उणे दोन आणि उणे तीन आले. मग दोन्ही मूळ समीकरणात घातले. उणे दोनाला डावीकडे चार आले, उणे तिनाला दोन. शून्य कुणालाच येईना. म्हणजे दोन्ही तरंगले.

आजूबाजूला सगळ्या दोन-दोन उत्तरं लिहून पेपर देत होत्या. एक तरी ठेवावं, अर्धा गुण मिळेल, असं मनात आलं. तेव्हा तुझं मोकळं खाचर आठवलं. मी दोन्ही उत्तरं खोडली आणि लिहिलं, या समीकरणाला उकल नाही.

आत्ये, वर्गात तसं लिहिणारी मी एकटीच निघाले. पुण्याला मी जाणार आहे.

तुझ्या हातची कणसं हक्कानं मागणारी,
चैताली

कार्ले, १० ऑगस्ट २०२५

चि. चैतालीस,
आत्याचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुझं पत्र टपरीवर मोठ्यानं वाचलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं, भाचीचा फार अभिमान वाटतो म्हणून. दोन कणसं करपली.

सोपानभाऊनं विचारलं, पोरीनं असं काय उत्तर लिहिलं की सगळ्यांत तीच निवडली? मी म्हटलं, “तिनं लिवलं, उत्तर न्हाई.” तो हसायला लागला. मग वरच्या मोकळ्या खाचराकडे बघत राहिला आणि हसायचा थांबला.

पुण्याहून आधी इकडे ये.
तुझी आत्या, रंजना