मापाला थाप नाही

प्रिय पिटुकले,

आता पिटुकली कसली म्हणा! माझ्याहून उंच झालीस, हाताखालच्या माणसांना कामाला लावतेस. पण मी तुला पहिल्यांदा टेप लावली तेव्हा तू जेमतेम हातभर होतीस, आणि माझ्या डोक्यात तेच माप बसलंय. फोन असताना पत्र कशाला, हे तुझ्या कपाळावर आत्ताच उमटलं असेल. सांगते. फोनवर मी विचारते कशी आहेस, तू म्हणतेस मजेत, मी म्हणते बरं, आणि मग आपण दोघी हवेवर बोलतो. तुझ्याकडे ढग आहेत का, आमच्याकडे ऊन आहे. गेले कित्येक महिने आपण एवढ्या हवेवर बोललोय की वेधशाळेनं आपल्याला नोकरी द्यावी. पत्राचं तसं नसतं. 'आई, दुसरा फोन येतोय' म्हणून पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. तू ऑफिसचा पत्ता दिलास म्हणून तिथंच पाठवतेय, पण तिथं उघडू नकोस. घरी जा, हातपाय धू, आणि मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

तर तू मागितलेली गोधडी झाली. तू फोनवर सांगितलेलं माप मी नेहमीसारखं खडूनं कापणीच्या टेबलाच्या कडेला लिहून ठेवलं होतं. ते अजून तिथंच आहे. तुझे बाबा रोज टेबल पुसतात, पण तेवढी जागा सोडून. त्या मापाबद्दलच मला तुझ्याशी बोलायचंय. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही, हे आधीच सांगून टाकते. पण घरचे दोन शब्द ऐक, नाहीतर म्हणशील, आई पहिल्या ओळीपासून मानगुटीवर बसली.

बाबा मजेत आहेत. बस चालवायचं सुटल्यावर सुरुवातीला त्यांनी घरात येरझाऱ्या घालून माझं डोकं नुसतं पोखरलं. दर थोड्या वेळानं खिडकीशी जायचं, खालून गेलेली बस किती उशिरा गेली ते मला सांगायचं. जणू मीच ती अडवून धरलीय! शेवटी मी त्यांच्या हातात इस्त्री दिली आणि सांगितलं, आजपासून हे खातं तुमचं. तेव्हापासून माझ्या घरात गोधडीच्या तुकड्यांना तुकडे म्हणायची सोय राहिली नाही. ते गाड्या म्हणतात. इस्त्री झालेली चळत टेबलावर आणून ठेवली की मोठ्यानं पुकारतात, निळी लागली, पांढरी सुटतेय. आणि मी मशीनवर कोपरा वळवायला लागले की मागून हमखास आवाज येतो, वळण आहे, वेग कमी. एवढी वर्षं मी न विचारता वळतेय, पण नाही! मीही म्हणते, होऊ दे त्यांच्या मनासारखं. इस्त्री मात्र अशी करतात की तुकडा आरशासारखा. माझ्या हातून तशी होत नाही, हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

आत्याबाईंची जीभ अजून धार लावल्यासारखीच आहे. परवा ब्लाउज टाकायला आल्या आणि कमरेचं माप तोंडी सांगायला लागल्या. मी म्हटलं, वन्सं, टेप लावते. म्हणाल्या, इतक्या वर्षांची माझी कंबर मला माहीत नाही का? मी त्या सांगतील त्यात नेहमीसारखं वाढवून कापलं. त्यांना अगदी चापूनचोपून बसला. मग आरशासमोर उभं राहून मला ऐकवतात कशा, बघ, बरोबर सांगितलं होतं की नाही! आणि आपली दातांची डॉक्टरीण आठवते ना? तिनं कुत्र्याच्या पिलासाठी छोटी गोधडी शिवायला टाकली. मी कामाच्या गर्दीत मागे ठेवली. शिवून घेऊन गेले तर ते पिलू वासराएवढं झालेलं. गोधडी पुढच्या दोन पायांखाली गेली आणि बाकीचा कुत्रा फरशीवर! डॉक्टरीण हसून हसून बेजार. मी मात्र घरी येताना स्वतःवर चडफडत होते. दिलेल्या मापाचं काम मागे ठेवू नये, मधल्या काळात माणूसही बदलतं, कुत्र्याचं काय घेऊन बसलीस.

म्हणून तर मी तुला लहानपणापासून बजावत आले. बाकी कुठंही थाप मार, मापाला थाप नाही. तुझा तो पिवळा फ्रॉक विसरलीस का? मैत्रिणीसारखा घट्ट फ्रॉक हवा म्हणून तू पोट आत ओढून, श्वास कोंडून माझ्यासमोर उभी राहिलीस. मला कळत होतं. मी म्हटलं, बरं, असं म्हणतेस तर असं. शाळेच्या कार्यक्रमात तू कविता म्हणायला उभी राहिलीस, पहिल्या ओळीला पोटभर श्वास घेतलास आणि पाठीवरची शिवण सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशी उसवली. पण माझी लेक खरी! पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखी सरकत सरकत, कविता पुरी करून खाली उतरलीस. घरी येऊन रडलीस, आणि रडून झाल्यावर स्वतःच टेप आणलीस आणि पोट सैल सोडून उभी राहिलीस. त्या दिवसापासून तू कानाला खडा लावलास. मार्क लपवलेस, सिनेमाला जाऊन लायब्ररीत होते म्हणालीस, तुझं प्रेम जमलं तेव्हा वर्षभर ताकास तूर लागू दिली नाहीस. पण टेप हातात घेतलीस की खरं तेच बोललीस.

आणि ती तुझ्या लग्नातली मोठी गोधडी. तिच्यासारखी दुसरी माझ्या हातून झाली नाही आणि होणारही नाही. हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावून आपण ती जमिनीवर अंथरली होती. आत्याबाई एका टोकाला, मी दुसऱ्या, तू मध्ये आलथीपालथी. आणि जावईबापूंनी हट्टानं सुई मागून घेतली. त्यांची ओळ अशी गेली की रस्ता चुकलेली मुंगीसुद्धा त्याहून सरळ चालेल. मी उसवायला निघाले तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, राहू दे, एवढीच ओळ मला झोपेत हात फिरवून सापडेल. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता, खरं सांगते. तुझे बाबा इतक्या वर्षांत माझ्यासाठी सुईत दोरा ओवायला बसले नव्हते.

आता मापाचं. त्या दिवशी तू फोन केलास आणि म्हणालीस, आई, एक साधी गोधडी शिवून दे. मी विचारलं, पाहुण्यांसाठी का? म्हणालीस, नाही, माझ्यासाठी, जुनी आता मोठी पडते. मी म्हटलं, पलंगाचं माप सांग. तू टेप घेतलीस, मला तिच्या टोकाच्या पत्र्याचा फरशीवर आवाज आला. आणि तू सांगितलंस, तीन बाय सहा. मी लिहून घेतलं, बरं म्हटलं, आणि हवेवर बोलले. फोन ठेवल्यावर मात्र मी त्या खडूच्या आकड्यांसमोर खुर्ची ओढून बसले. अगं, गोधडी कधी वाढते का? धुवून धुवून आटते एक वेळ. गोधडी मोठी पडत नाही, पिटुकले, पलंग लहान होतो. आणि तीन फुटांच्या पलंगावर दोन माणसं झोपत नाहीत.

म्हणशील, आई सुतावरून स्वर्ग गाठते. गाठते तर गाठते, सुताचाच माझा धंदा आहे. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तुझा आवाज घुमत होता. सामानानं भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. पूर्वी आपण बोलायला लागलो की मागून जावईबापू ओरडायचे, आई, माझ्या उशीच्या अभ्र्याचं काय झालं? तो आवाज कधी बंद झाला ते माझ्या आधी लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि गोधडी ऑफिसच्या पत्त्यावर कोण मागवतं गं? तू सगळ्या जगाला मजेत म्हणालीस, आईबापांना म्हणालीस, आणि पलंगाला टेप लावल्यावर खरं सांगून बसलीस. थोडं वाढवून पाच बाय सहा सांगायला काय जात होतं तुझं? पण तुला ते जमलं नाही. ती सवय मी लावली, आणि लावली ते बरं केलं.

मी लगेच कापायला घेतलं. बाबांना काही बोलले नाही. ते इस्त्री करत होते, आणि चळत संपली तशी म्हणाले, एवढ्याच गाड्या? मी म्हटलं, एवढ्याच. ते टेबलाशी आले, चष्मा वर करून कडेचे आकडे वाचले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खालून बस गेली, तरी तिची वेळ सांगायला आत आले नाहीत. मग परत येऊन सगळे तुकडे पुन्हा इस्त्री केले, झालेलेच. त्यानंतर कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांचा नोकरीच्या गणवेशाचा शर्ट काढला. तुला ठाऊक आहे, त्या शर्टाला ते मला बोट लावू देत नसत. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, हा मध्यभागी घाल. मी घातलाय. त्याच्या भोवती तुझा उसवलेला पिवळा फ्रॉक आहे, आपल्या स्वयंपाकघराचे जुने पडदे आहेत, आणि आत्याबाईंचा फुलाफुलांचा गाऊन आहे. आत्याबाईंना नुसतं म्हटलं, पिटुकलीसाठी हवाय. एरवी दहा प्रश्न विचारणाऱ्या बाईनं एकही विचारला नाही. जाताना मात्र म्हणाल्या, पोरीला सांग, अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते दुसऱ्यांसाठी, आपल्या घरात पाय पाहून अंथरूण शिवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी ही बाई, पण यावेळी मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या दचकल्याच, आणि मग माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या.

आणि एक सांगून ठेवते. काय झालं, कोणाचं चुकलं, हे मला आज नको. जावयाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. वाकडी का होईना, त्यानं ओळ घातली होती, आणि तो मला आवडायचा. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर हवेवर बोलू. मोठी गोधडी तुझ्याकडे असेल तर नीट घडी करून ठेव. रागाच्या भरात कात्री लावू नकोस, आणि रडत रडत पांघरूही नकोस. तिचं काय करायचं ते सावकाश बघू, कापड कुठं पळून जात नाही. आणि लाज तर अजिबात बाळगू नकोस. शिवण उसवली म्हणून कोणी कापडाला बोल लावत नाही. उसवल्या पाठीनं कविता पुरी केलेली मुलगी तू, तुझं काय होईल याची मला भीती नाही. तू एकटीनं गिळत बसलीस, याचा मात्र राग आला. तो मी इथंच काढला, बरोबर आणणार नाही.

बरोबर आणणार म्हणजे काय, ते आता सांगते, कारण त्यासाठीच हा सगळा प्रपंच. गोधडी पार्सलनं येणार नाही. मी घेऊन येतेय. शनिवारी सकाळच्या बसचं तिकीट बाबांनीच काढलंय, ड्रायव्हरच्या मागची जागा, तिथं हादरे कमी बसतात म्हणे. नको म्हणायला फोन करशील तर बाबा उचलतील आणि तुला बसच्या वेळा सांगत बसतील. स्टँडवर घ्यायला ये. तुझं घर बघते, पडद्यांची मापं घेते, खोलीतला आवाज घुमायचा थांबेपर्यंत राहते. आणि हो, आयुष्यभर तुला मापाला थाप नाही म्हणून शिकवलं, पण यावेळी मीच मारली. मागाहून टेबलावरच्या आकड्यांकडे पाठ करून गोधडी रुंदीला चांगली ऐसपैस वाढवली. पलंग तीन फुटांचा असेल तर असू दे. थोडे दिवस तिच्यात आपल्या दोघींना मावायचंय.

तुझीच,
टेप गळ्यात घालून निघालेली,
आई