टोळ्या परतेपर्यंत नदीची वाट बंद

मी, उत्तरेश्वर सटवाजी तांदळे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा माजी चेअरमन, राहणार सावळदरा, नांदूरघाटाजवळ, ता. केज, जि. बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. जिवाला मात्र स्वस्थता नाही. पण तेवढ्यानं कागद रद्द होत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. या आठवड्यात मला छातीच्या ऑपरेशनला लातूरला नेणार आहेत, आणि सव्वीस जानेवारीला गावात ग्रामसभा आहे. परत येईन न येईन, म्हणून ही घाई.

१. राहतं घर व विहिरीजवळची जमीन मुलगा बद्रीनाथ यास.

२. सोसायटीतले शेअर्स व बँकेतली शिल्लक मुलगी विमल हिला. बद्रीनं तोंड वाकडं करू नये. आईच्या आजारपणात उशाशी विमल होती, तो आपला हायवा ट्रक धूत होता. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही विमलनंच करावी.

३. माझं चौथीचं मराठीचं पुस्तक विमलच्या मुलीस. त्यात नदीची कविता आहे. गुरुजी ती आम्हाला खिडकीकडं तोंड करून म्हणायला लावत, कारण खिडकीतून खरी नदी दिसे. कवितेतली खळाळत जायची. आमची बहुतेक वर्षभर नुसती वाळू. तरी मला त्या कोरड्या वाळूकडे पाहूनही तीच चाल सुचे. आत्ताही उठून काठापर्यंत जाऊन आलो, चाल तोंडात होतीच. असो. कागद कवितेचा नाही.

४. नदीकाठची वीस गुंठ्यांची पट्टी. खरं तर हिच्यासाठीच लिहायला बसलो.

आमच्या शिवारात नदीपात्रात गाडी उतरते ती फक्त या पट्टीतून. बाकी काठ खडकाचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा सगळं गाव झिऱ्यांवर जगलं. वाळूत खड्डा उकरायचा, पाणी पाझरेपर्यंत बसायचं, वाटीवाटीनं हंडा भरायचा. वाळू आहे म्हणून ते पाणी थांबतं. वाळूचा लिलाव झाला की झिरा कशाचा?

लिलावाआधी ग्रामसभेचं मत घ्यावं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण दिवाळी झाली की आमच्या टोळ्या ऊस तोडायला जातात आणि निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. सरपंच सुंदररावनं लिलावाचा विषय नेमका सव्वीस जानेवारीला ठेवला. मी त्याला चावडीवर गाठलं.

“सुंदरराव, गाव उसात हाय. टोळ्या आल्यावर, एक मेला घे की सभा.”

“आण्णा, जे हजर त्येच गाव. कायदा तसाच हाय.”

सोसायटीत याला संचालक मीच केलं होतं. गैरहजर माणसाला हात नसतो, हे तो तिथंच शिकला. आता माझाच बद्री त्याच्या शेजारी बसून मान हलवतो. त्याला हायवासाठी वाळू पाहिजे.

मग केशरबाईला फोन लावला. ही आमच्या शेजारच्या बंकटची सून; टोळीबरोबर कोल्हापूरकडच्या कारखान्यावर आहे. ऐकून म्हणाली, “आमी हिकडं कोयता मारायचा, अन् माघारी आलो की टँकरमागं पळायचं व्हय? आमाला कावून न्हाई इचारलं?”

वाळूच्या नव्या नियमासाठी सरकारनं लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. मी लिहून पाठवलं: जिथून लोक ऊसतोडीला जातात, तिथं वाळूचा ठराव टोळ्या परतल्यावरच व्हावा. उत्तर नाही. रोज पोस्टमन येतो, आणि रोज मी उगीचच उभा राहतो.

म्हणून जे कायद्यात अजून नाही ते या पट्टीत असावं. ही पट्टी मी केशरबाईस देत आहे. अट एकच. टोळ्या परतल्यावरच्या सभेत, बायकांसह सगळं गाव बसून ‘हो’ म्हणेल, तरच गाडीला वाट द्यावी. तेव्हा गाव ‘हो’ म्हणालं, तर माझी हरकत नाही. हे वाक्य लिहायला फार जड गेलं, पण खोडत नाही.

केशरबाई फोनवर म्हणाली, “आण्णा, मला नगं जमीन. लोक काय म्हनतील?”

“जमीन न्हाई देत, पोरी. फाटक देतोय.”

“मंग कुलूप बी द्या,” म्हणाली. कुलूप गोठ्यात खुंटीला आहे. तेही तिला.

५. माझी कुदळ आणि माझी मयत पत्नी सरस्वतीबाई हिची पितळी वाटी बद्रीनाथ यास. बहात्तरला त्याच्या आईनं याच वाटीनं झिऱ्याचं पाणी भरलं. माझा दहावा नदीतच करावा. टँकरचं पाणी आणू नये, जेसीबी लावू नये. बद्रीनं स्वतः या कुदळीनं झिरा उकरावा आणि त्याला पाणी लागेल तेव्हाच विधी सुरू करावा.

हे वाचून बंकट म्हणाला, “अन् आण्णा, पानी न्हाई लागलं तर?”

“तर बसू दे त्याला तिथं. कावळ्याला बी बसू दे.”

बंकट हसला नाही. सुनेला पट्टी मिळते आहे म्हणून तो साक्षीदार नको, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. तेव्हा तो नुसताच बसून आहे. दोघं साक्षीदार मी सही करताना समोर होते, आणि त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

ठिकाण: सावळदरा
तारीख: ९ जानेवारी २०१९

सही: उत्तरेश्वर सटवाजी तांदळे

साक्षीदार:
१. गहिनीनाथ भानुदास घुले (सही)
२. छबुबाई रामकिसन सानप (डाव्या हाताचा अंगठा)